गोपीनाथरावांच्या अन्ननळीची काचपट्टी

मी एक काचपट्टी. भोपाळात पिपलानीजवळच्या कारखान्याच्या इस्पितळात, तपासणीच्या खोलीतल्या लाकडी खणात उभी असते. माझ्या अंगावर गोपीनाथरावांच्या अन्ननळीचा कणभर तुकडा आहे.

गोपीनाथराव कारखान्यात टर्नर. पंधरा वर्षं त्यांच्या छातीत जळजळ होई. स्वतः नागपूरचे, तिखटावर वाढलेले, तरी दोष द्यायचे भोपाळच्या शेवेला, आणि सोडा पिऊन ड्यूटीवर जायचे. घास अडकू लागला तेव्हा कुठे दुर्बीण घालून तो तुकडा काढला. मेणात बसवून पापुद्र्यासारखा कापला, रंगवला आणि मला दिला.

डॉक्टर कांचन यांनी मला सूक्ष्मदर्शकाखाली बराच वेळ पाहिलं. पोटातलं आम्ल वर येऊन येऊन अन्ननळीचं अस्तरच बदललं होतं, तिथे आतड्यासारख्या पेशी आल्या होत्या. त्यांनी दोन ओळी लिहिल्या. कॅन्सर नाही. अस्तर बदललं आहे, औषध चालू ठेवून दरवर्षी तुकडा तपासावा.

वसाहतीत ज्याची शिफ्ट सुटेल तो दुसऱ्याचा रिपोर्ट नेतो. गोपीनाथरावांच्या शेजारचे जयंत आले, खिडकीशीच पहिली ओळ वाचली आणि तिथूनच कारखान्यात फोन लावला. "कॅन्सर नाहीये रे. कुछ नहीं निकला." दुसऱ्या दिवशी आमच्या खोलीतही मावाबाटी, इकडची खव्याची मिठाई, वाटली गेली.

माझ्या शेजारची खाच डॉक्टरांनी रिकामी ठेवली होती. वर्षाने आठवणीचं पत्र पाठवलं, ते परत आलं. गोपीनाथराव निवृत्त होऊन, वसाहतीतलं घर सोडून सोनागिरीला राहायला गेले होते. इतरांच्या पट्ट्या जोडीने राहत, मी एकटी. फार एकटं वाटायचं.

सहाव्या वर्षी गोपीनाथरावांची दुसरी पट्टी आली. डॉक्टरांनी आम्हा दोघींना आलटून पालटून पाहिलं. तिच्यावरच्या पेशी वेड्यावाकड्या, एकमेकींवर चढलेल्या होत्या. या वेळी कॅन्सर होता.

गोपीनाथरावांच्या पत्नी लीलावतीबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "मॅडम, तेव्हा तर काही नव्हतं ना?"

"कॅन्सर नव्हता, ताई. पण खाली लिहिलं होतं."

लीलावतीबाईंनी पिशवीतून जुना रिपोर्ट काढला. जपून ठेवला होता. दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून त्या वाचत राहिल्या.

आता आम्ही दोघी शेजारी असतो. तुमच्या घरी असा कागद आला तर शेवटपर्यंत वाचा, आणि वर्ष झालं की या. मला शेजारीण हवी होती ती पहिल्याच वर्षी, माझ्यासारखीच दिसणारी.