उलटी गाठ

माझ्या सासूबाई अराक्सी तीस वर्षं सिनेमातल्या नट्यांसाठी केसांचे टोप विणत होत्या. बारीक जाळी, बारीक हूक, आणि एकेक केस गाठ मारून जाळीत बसवायचा. कपाळावरची पहिली ओळ सगळ्यांत अवघड, कारण तिथे जाळी संपते आणि माणूस सुरू होतो. ती ओळ प्रेक्षकाला दिसली की काम फसलं. म्हणजे बाईंनी जन्मभर काही दिसू नये म्हणून डोळे फोडले. आणि मी त्यांचा जावई, सगळं लख्ख दिसलं पाहिजे या हट्टापायी गॅरेजमधली गाडी बाहेर काढून आत पडदा लावलेला माणूस.

त्या वर्षी, दोन हजार तीनमध्ये, हाय-डेफिनिशन सिनेमे टेपवर मिळत होते. टेप दिसायला जुन्या व्हिडिओ टेपसारखीच, पण चालायची फक्त तिच्या खास मशीनवर. चित्र असं की नटाच्या दाढीचे खुंट मोजावेत. मी मशीन घेतलं, पाठोपाठ सिनेमेही. माझी बायको नाझेली एका टेपचं खोकं उलटंपालटं करून म्हणाली, "वाहराम, हा सिनेमा आपल्याकडे आहे. ती टेपही काळीच आहे." मी तिला फरक समजावून सांगितला. अर्ध्या तासाने ती म्हणाली, "बरं, पण काळीच ना?"

तो सिनेमा एका राणीचा होता आणि राणीचा टोप अराक्सीबाईंचा. आमच्या घरात त्या राणीच्या कपाळाला कोर्टातल्या पुराव्याची किंमत होती.

सासूबाईंचं भांडण सिरानुशशी. दोघी बैरुतच्या एकाच गल्लीतल्या, एकत्रच इथे ग्लेंडेलला आलेल्या, वीस वर्षं एकाच टेबलावर समोरासमोर बसून टोप विणलेल्या. सिरानुश डावखुरी. तिच्या गाठीतून केस दुसऱ्या बाजूला कलतो, त्यावरून सासूबाई तिला कायम चिडवायच्या. राणीचा सिनेमा संपला आणि सिरानुशने स्टुडिओतल्या केशभूषा खात्याच्या मुख्याला जाऊन सांगितलं की अराक्सीचे हात थरथरतात. पुढच्या सिनेमाला सासूबाईंना बोलावणं आलं नाही. त्याला बारा वर्षं झाली होती. दोघी दर रविवारी एकाच चर्चमध्ये यायच्या, एक उजवीकडे बसायची, एक डावीकडे.

"ती खोटं बोलली," सासूबाई म्हणायच्या. "हात थरथरत असते तर राणीची ती ओळ माझ्या हातून झाली असती का? बघा ना. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

हात आता थरथरतात. आम्ही त्यांना कॉफी अर्धा कपच देतो आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. त्यांच्या मते काम सुटलं म्हणून हात सुटला. पण जुन्या टेपवर राणीचं कपाळ म्हणजे नुसता पिवळा धूर. पुरावा होता, तो वाचता येत नव्हता. माझ्या मनात आलं, आता येईल. खरं सांगायचं तर त्यांना न्याय मिळावा ही इच्छा निम्मी होती. उरलेली निम्मी मशीन मिरवायची होती.

रविवारी चर्चमधून आल्यावर मी गॅरेजच्या खिडकीला घोंगडी लावली आणि त्यांना मधल्या खुर्चीत बसवलं. नाझेलीने गाता, म्हणजे आमच्याकडच्या गोड रोटीचे तुकडे आणून ठेवले. राणी पडद्यावर आली, आरशासमोर बसली, आणि कॅमेरा तिच्या कपाळाशी गेला. एकेक केस दिसत होता. जाळी कुठेच दिसत नव्हती. मी अंधारातच म्हणालो, "बघा, आहे का कुठे जोड?"

त्या खुर्चीत पुढे झुकल्या. मग म्हणाल्या, "मागे घे."

मी मागे घेतलं. राणी पुन्हा बसली.

"इथे थांबव."

या मशीनवर टेप थांबवली की चित्र जातं. तसं सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी निमूट पुन्हा मागे घेतलं. सहाव्या वेळी त्या उठल्या आणि पडद्याला नाक लावून उभ्या राहिल्या. राणीचं कपाळ त्यांच्या पांढऱ्या केसांवर पडलं. त्या बाजूला सरकल्या आणि बोट वर करून पडद्यावरची ओळ हवेतच गिरवत गेल्या. बोट थरथरत होतं.

"बंद कर," त्या म्हणाल्या.

मी दिवा लावला. नाझेलीने विचारलं, "काय झालं आई? इतकं सुंदर काम आहे."

"सुंदर आहे. माझं नाही."

नाझेलीने त्यांना हाताला धरून खुर्चीकडे आणलं.

"सगळे केस उलटे कललेत. कानापासून कानापर्यंत." त्या खुर्चीत बसल्या. "एका सकाळी टोप हातात घेतला तेव्हा वाटलं होतं, काल मी याहून वाईट काम करून गेले होते. मग म्हटलं, आज उजेड चांगला असेल."

मला स्वतःची लाज वाटली. म्हातारीकडे बारा वर्षं एकच गोष्ट अभिमानाची होती आणि मी ती हौसेने मोठी करून भिंतीवर दाखवली होती. मी म्हणालो, टेपमध्ये कधी कधी दोष असतो, चित्र आरशातल्यासारखं उलटंही छापलं जातं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. राणीच्या मागे भिंतीवर नकाशा होता आणि त्यावरची अक्षरं सुलटी होती. ती इतक्या ठळकपणे दाखवल्याबद्दल मी मशीनला मनातल्या मनात शिव्या दिल्या.

"वाहराम जान, गाडी काढ," त्या म्हणाल्या. "आणि ती टेप दे."

"सिरानुशकडे हे मशीन नाही. तिच्याकडे ती चालणार नाही."

"चालवायची कोणाला आहे? बारा वर्षांनी तिच्या दारात काय रिकाम्या हाताने जाऊ?"

नाझेलीने उरलेला गाता फडक्यात बांधून द्यायला घेतला. तो त्यांनी ठेवायला सांगितला.

सिरानुशचं घर दहा मिनिटांवर होतं. रस्ताभर त्यांनी टेप मांडीवर दोन्ही हातांनी दाबून धरली होती. घंटी वाजवून मी पायरीखाली थांबलो. सिरानुशने दार उघडलं, आमच्याकडे पाहिलं आणि दारातच उभी राहिली. तीही आता वाकली होती.

सासूबाईंनी टेप पुढे केली. हात इतका थरथरत होता की आतली टेप खोक्यात खडखडत होती. या खेपेला त्यांनी तो दुसऱ्या हाताने धरला नाही.

"गाठी उलट्या पडल्यात," त्या म्हणाल्या.

सिरानुशने खोक्यावरच्या राणीकडे पाहिलं. "डावखुरी आहे मी. काय करणार?" मग म्हणाली, "रात्री बसून एक टोप झाकता आला, अराक्सी. दुसरा झाकता आला नसता."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

सासूबाईंनी मान हलवली. नाही.

सिरानुशने डाव्या हाताने टेप घेतली, उजव्या हाताने सासूबाईंचा तो थरथरता हात धरला आणि त्यांना आत नेलं. दार उघडंच राहिलं होतं. स्वयंपाकघरातून कपांचा आवाज आला आणि मग सासूबाईंचा, नेहमीसारखा चढा.

"अर्धाच भर," त्या म्हणाल्या. "सांडतो."