जवसाची दोरी

हर्षालीला एकदा एखादी गोष्ट पटली की ती कुणाच्या बापाचं ऐकत नसे. म्हणूनच मुलाखतीच्या पत्रात ‘एक साधा इंग्रजी शब्द घेऊन त्याचे अर्थ आणि त्याचं मूळ अकरावीच्या वर्गाला शिकवा, वेळ वीस मिनिटं’ असं वाचलं आणि पत्राची घडी घालायच्या आत तिचा शब्द ठरला होता. लाईन.

ओतूरजवळच्या त्या कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजीची एकच जागा निघाली होती. हर्षाली तीन वर्षं तासावर शिकवत हिंडत होती. आज नारायणगावात दोन तास, उद्या मंचरला एक, आणि उरलेला दिवस एसटीत. ही जागा नाही मिळाली तर पुण्याला जाऊन कुठल्यातरी कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायच्या, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं, आणि त्या पक्कं करण्याचाच तिला सगळ्यांत जास्त राग येत होता. घरच्या मेंढरांमागं पाच गावच्या पाच शाळा बदलून ती एम.ए. झाली होती ती काय टेलिफोनवर ‘क्षमस्व’ म्हणायला?

शब्द मात्र तिनं नामी निवडला होता. जिल्ह्याच्या या टोकाला इंग्रजी येत नाही असं म्हणणाऱ्यानं एक दिवस कान उघडे ठेवून हिंडावं. पंप बंद पडला की लाईन गेली. कांद्याचं रोप लावायचं ते लाईनीत. रेशनला लाईन, पाण्याला पाइपलाईन, सातबारा ऑनलाईन, आणि कॉलेजच्या गेटवर पोरं काय मारतात ते सांगायची गरज नाही. पण हर्षालीला खरा हर्ष झाला तो मूळ सापडल्यावर. जुन्या लॅटिन भाषेत ‘लिनम’ म्हणजे जवस. जवसाच्या काडीतून निघालेल्या सुताची दोरी ती ‘लिनिया’. त्या दोरीवरून सरळ रेघ, रेघेवरून रांग, रांगेवरून पुढचा सगळा पसारा. जवसाच्या कापडाला लिनन, आणि कोटाला आतून ते कापड लावायचे म्हणून अस्तराला लायनिंग. आपण भाकरीबरोबर ज्याची चटणी खातो त्याच्यातून हे एवढं निघालं, हे वाचून ती भर वाचनालयात एकटीच हसली होती.

आता हिच्या जागी दुसरी असती तर तिनं जवसाच्या फुलाचा फोटो पडद्यावर दाखवला असता. हर्षालीला खरी दोरी हवी होती. ती वर्गात ताणून धरायची, खडूच्या पुडीत घोळवायची आणि गवंडी भिंतीवर मारतो तशी फळ्यावर मारून रेघ उठवायची. पहिली लाईन अशी जन्मली, बघा.

महाळुंगे पडवळला त्यांच्या घराशेजारच्या वावरात गव्हाच्या कडेनं दरवर्षी जवस असतो. बी झोडून घ्यायचं आणि काड्या चुलीत सारायच्या, ही तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. त्या काडीत सूत असतं हे कुणाच्या गावीही नव्हतं. हर्षालीनं दोन पेंढ्या उचलल्या आणि दोन संध्याकाळी सोलत बसली. काड्या मोडल्या, बोटं सोलली, सूत काही निघालं नाही. शेवटी तिनं पेंढ्या घेतल्या आणि आजाकडे गेली.

तिचा आजा धर्माजी सत्तरी ओलांडलेला, पण अजून मेंढरांमागं. त्या दिवसांत त्याचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, ओतूरच्या शिवारात, कांदा निघालेल्या एका वावरात बसला होता. मेंढरांना पाला, शेतकऱ्याला खत, असा तो जुना व्यवहार. रात्री मेंढरं कोंडायची ती जाळी, म्हणजे वाघूर, धर्माजी स्वतः विणायचा. दोर वळावा तर त्यानंच, हे जुन्नरपासून आंबेगावपर्यंतचे मेंढके कबूल करायचे.

“वाळल्या काडीतनं वाख निघतोय व्हय?” तो म्हणाला. “अंबाडी आपण भिजत घालतो का न्हाई? तसं कर. एवढी इंग्रजी शिकली, हे न्हाई शिकवलं कुनी?”

आठ दिवस पेंढ्या दगडाखाली हौदात भिजल्या. वास असा सुटला की वावराचा मालक दोनदा येऊन विचारून गेला, एखादं कोकरू मेलंय का. मग धर्माजीनं काड्या वाळवल्या, लाकडानं ठेचल्या, झटकल्या, आणि पिवळट भुरे धागे हातात आले. हर्षालीनं ते गालाला लावून पाहिले. बाकीचं काम तिनं आजावर सोपवलं, कारण तिला अजून पाठ बसवायचा होता. मुलाखतीच्या आदल्या दिवशी त्यानं दहा हात दोरी गुंडाळून तिच्या हातात दिली. दोरी सुरेख झाली होती. तिनं पिशवीत टाकली आणि निघाली.

पाठ सुरू झाला तेव्हा मागच्या बाकावर तिघं बसले होते. प्राचार्य, संस्थेचे भरतराव, आणि पुण्याहून आलेले तज्ज्ञ, ज्यांच्या चेहऱ्यावर आधीचे तीन पाठ ऐकल्याचा शीण होता. हर्षालीनं मुलांना नुसतं विचारलं, “आज सकाळपासून लाईन शब्द कुठं कुठं ऐकला?” पाच मिनिटांत फळा भरला. गेटवरची लाईनसुद्धा एका पोरानं धीर करून सांगितली. तिनं तीही लिहिली आणि वर्ग तिचा झाला. मग तिनं दोरी काढली, दोन पोरींना टोकं धरायला लावली, खडू फासला आणि फळ्यावर मारली. पांढरीशुभ्र सरळ रेघ उठली. तज्ज्ञ पहिल्यांदाच सावरून बसले.

“उत्तम,” ते म्हणाले. “आता त्या दोरीचा पीळ सोडून जवसाचा धागा दाखवा मुलांना.”

हर्षालीनं टोक घेतलं, उलटा पीळ दिला, आणि तिचा हात थांबला.

दोरीला दोन पदर होते. एक पदर ताठ, गुळगुळीत, जवसाचा. दुसरा पदर पीळ सुटताच आखडला, कुरळा झाला. ती भुरी लोकर होती. जन्मल्यापासून लोकरीत लोळलेल्या पोरीला ते कळायला डोळे लागत नाहीत. म्हाताऱ्यानं तिला न सांगता लोकर घातली होती.

कुणाला कळणार होतं? तज्ज्ञ पुण्याचे, भरतराव द्राक्षबागेतले, प्राचार्य गणिताचे. ताठ पदर वर धरला असता, हा बघा जवस, म्हटलं असतं तर पाठ तिथंच जिंकला होता. ती जागा तिला हवी होती, फार हवी होती. पण समोर चाळीस मुलं होती, आणि पहिल्याच दिवशी त्यांना थाप मारून पुढं कुठल्या तोंडानं शिकवायचं, हेही तिला तितकंच कळत होतं.

“सर, ही सगळी जवसाची नाही,” ती म्हणाली. “यात लोकर आहे. मी आत्ता पाहिली. वळताना माझ्या आजोबांनी घातली, मी तपासून आणायला हवी होती.”

वर्गात कुजबुज झाली. भरतरावांनी घड्याळ पाहिलं. तिनं दोन्ही पदर दोन हातांत धरले.

“पण आता निघालंच आहे तर ऐका. शब्दाचंही असंच झालंय. इंग्रजांकडे फार पूर्वीपासून ‘लीन’ म्हणून एक शब्द होता, दोर या अर्थाचा. पुढं फ्रेंचांकडून ‘लिन्य’ आला, रेघ या अर्थाचा. दोघांचं मूळ जवसातच, पण आले वेगळ्या वाटांनी, वेगळ्या काळात. बोलणाऱ्यांनी ते एकत्र वळले आणि आजचा लाईन झाला. एकट्यादुकट्या शब्दानं एवढी ओझी ओढली नसती.”

तज्ज्ञांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मिटली. “पुरे,” ते म्हणाले. भरतराव उठता उठता पुटपुटले, “साहित्य तपासून आणायचं असतं हो.” ते तिला बरोबर ऐकू गेलं.

बाहेर येऊन ती पटांगणातल्या चिंचेखाली उभी राहिली आणि राग आवरेना म्हणून तिनं आजाला फोन लावला.

“आबा, दोरीत लोकर घातली व्हती का तुमी?”

“घातली,” धर्माजी म्हणाला. “नुस्त्या जवसाची वळून बघितली म्या. बी धरलेल्या काडीचा वाख तो, दोन झटक्यात तुटला. तुज्या हातात तुटकी दोरी दिऊ व्हय मी? आपल्या घरातनं आजवर तसला दोर गेला न्हाई.”

“मला इचारायचं तरी. साहेबांसमोर पीळ सोडला अन्‌ लोकर निघाली. मला सांगावं लागलं त्यांना. आता गेली नोकरी.”

पलीकडे मेंढरं ओरडली. मग फोन बंद झाला. हर्षालीला लगेच वाईट वाटलं. तिनं परत दोनदा लावला, त्यानं उचलला नाही.

तास-दीड तासानं शिपाई बोलवायला आला. खोलीत तिघेही होते. तज्ज्ञांनी तिला बसायला सांगितलं आणि ते सरळ मुद्द्यावर आले. “तिघांनी मला पाठ केलेलं ऐकवलं. तुमच्या हातातलं बिघडलं, तुम्ही ते वर्गासमोर कबूल केलंत आणि तिथूनच पुढं शिकवलंत. मी एकच नाव लिहिलंय, तुमचं.” भरतरावांनीही मान होकारार्थी हलवली. “पंधरा जूनला रुजू व्हा,” प्राचार्य म्हणाले. हर्षालीला इतका आनंद झाला की आधी पाणी प्यावं लागलं.

तेवढ्यात दारात खळबळ झाली. शिपाई “थांबा, थांबा बाबा,” म्हणत होता आणि त्याला बाजूला सारून धर्माजी आत आला. लाल पागोटं, धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेलं. मेंढरं दुसऱ्यावर सोपवून तो वावरातून तडक चालत आला होता. दाराशी त्यानं वहाणा काढल्या. हर्षालीकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही, तो टेबलासमोर जाऊन उभा राहिला.

“राम राम साहेब. चूक माजी हाय, पोरीची न्हाई. दोर म्या वळला, लोकर म्या घातली, तिला ठावं बी नव्हतं.” त्याला धाप लागली होती. “नोकरी दिऊ नका हवं तर. ती तुमची मर्जी. पर तिला खोटी म्हनू नका. तेवढंच सांगाया आलोय.”

हर्षालीचे डोळे भरून आले आणि तिनं ते पुसले नाहीत. प्राचार्य उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी स्वतः खुर्ची पुढं ओढली.

“बसा बाबा,” ते म्हणाले. “तुमच्या मॅडमना कुणी खोटं म्हटलेलं नाही. जूनपासून आमच्याकडेच शिकवायच्या आहेत त्या.”

धर्माजी बसला नाही. मॅडम कोण म्हणून त्यानं आधी मागं वळून दाराकडे पाहिलं.