खालच्या रांगेचा उमेदवार

आमच्या चर्चमध्ये प्रार्थनेच्या विषयांची एक यादी आहे. आधी आजारी, मग प्रवासातले, मग परीक्षेला बसलेले आणि शेवटी गटार. गटारासाठी आम्ही सात वर्षं दर रविवारी प्रार्थना करत आलो. तेवढ्या काळात आजारी उठून फिरायला लागले, प्रवासी परतले, नापास होणारेसुद्धा कंटाळून पास झाले. गटार जागच्या जागी.

ते दफनभूमीच्या भिंतीला लागून जातं. तुंबलं की पाणी खालच्या रांगेत शिरतं. त्या रांगेत फावडेमामांची बायको आहे. फावडेमामा म्हणजे आमच्या कबरी खणणारे. खरं नाव बाप्तिस्म्याच्या वहीत असेल. "जिवंतपणी तिला पाण्याची भारी भीती," मामा सांगतात, "आणि आता वर्षातून चारदा भिजते."

त्या रविवारी यादी संपली, आमेन झालं आणि मामा मागच्या बाकावरून उठले.

"मी नगरपालिकेला उभा राहतोय. अर्जावर वॉर्डातल्या दहा जणांच्या सह्या लागतात. मंगळवारी तीनपर्यंत."

एवढी शांतता आमच्याकडे प्रवचनालाही नसते.

पाळकसाहेबांनी चष्मा काढला. "मामा, राजकारण म्हणजे चिखल. ख्रिस्ती माणसाची वतनदारी वर, स्वर्गात आहे."

"वर आहे, मान्य. पण गटार खाली आहे, साहेब."

"आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करू ना!"

"करा की. आणि सही?"

दारात सगळ्यांनी मामांचा हात हातात घेतला. शिंपीभाऊ गुडघे टेकणार होते, ऑर्गनवाल्या बाई उपास धरणार होत्या. सही म्हटल्यावर मात्र ज्याच्या त्याच्या बोटांत संधिवात.

सोमवारी मामांनी दफनभूमीचा नकाशा काखेत मारला. आमच्याकडे जागा हयातीतच राखून ठेवतात, आणि कोण कुठं ते त्या नकाशात असतं. पहिलं घर निवृत्त हेडमास्तरांचं.

"ही तुमची जागा, गुरुजी."

"हो, भिंतीकडची. सावली आहे म्हणून मुद्दाम घेतली."

"सावली झकास आहे. ही निळी रेघ बघितलीत?"

"ही कसली?"

"पाण्याची. गेल्या खेपेला इथवर आलं होतं."

हेडमास्तरांनी नकाशा डोळ्यांजवळ नेला. "म्हणजे माझ्या कुठवर?"

"उताणे झोपलात तर कानापर्यंत. कुशीवर झोपायची सवय असेल तर अवघड आहे."

हेडमास्तरांनी सही केली आणि सवयीनं खाली 'पाहिले' असंही लिहिलं.

संध्याकाळपर्यंत नऊ झाल्या. उरलेल्यांच्या जागा उंचावर होत्या, आणि त्यांची श्रद्धाही तितकीच उंच. मंगळवारी दुपारी मामा पाळकांच्या घरी गेले. साहेबांनी नकाशावरून निवांत नजर फिरवली.

"पाळकांची रांग फाटकाजवळ, टेकाडावर. कोरडी ठणठणीत! मामा, मला काही मोह पडत नाही."

तेवढ्यात पाळकीणबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या. "आणि माझी जागा हो?"

मामांनी कान खाजवला. "त्या रांगेत फक्त पाळक असतात, बाई. तुमची..." त्यांचं बोट टेकाडावरून घसरत घसरत निळ्या रेघेपलीकडं जाऊन थांबलं. "इथं. आमच्या हिच्या शेजारी."

ट्रे टेबलावर जरा जोरात बसला. "तीस वर्षं यांची प्रवचनं पहिल्या बाकावर बसून ऐकली, त्याचं हे फळ?"

"अगं, वर गेल्यावर सगळे..."

"वरचं वर बघू. पेन द्या इकडं."

तीनला दहा मिनिटं कमी असताना नगरपालिकेतल्या कारकुनानं अर्ज पुढं ओढला.

"व्यवसाय?"

"खड्डे खणतो."

"ते काम आमच्याकडे आधीच चालू आहे."

"मी माझे बुजवतो," मामा म्हणाले.

विद्यमान नगरसेवकांच्या कानावर हे गेलं. सात वर्षं त्यांना न सापडलेलं गटार गुरुवारी सापडलं आणि शनिवारी वाहतं झालं.

रविवारी पाळकसाहेबांचा चेहरा उजळला होता. "बंधुभगिनींनो, सात वर्षांच्या प्रार्थनेचं उत्तर!" सगळ्यांत मोठं आमेन मामांचं होतं. पहिल्या बाकावर पाळकीणबाईंना खोकला आला.

उपासनेनंतर मामा खालच्या रांगेत जाऊन उकिडवे बसले आणि मातीवर तळवा ठेवला. "कोरडी आहेस गं," ते म्हणाले. "झालं माझं काम. उद्या अर्ज मागे घेतो."

मागं पावलं वाजली. झगा सावरत पाळकसाहेब येत होते.

"साहेब, इकडं कुठं?"

"जागा बदलून घ्यायची म्हणतोय. आमच्या बाईंच्या शेजारी."

"टेकाडावरची सोडून?"

"घरात तसं ठरलंय." साहेबांनी वाकून बोटानं माती दाबून पाहिली. "कोरडी राहील ना?"

"निवडणुकीपर्यंत तर नक्की."

"आणि नंतर?"

"नंतरचं देवावर."

पाळकसाहेबांनी फाटकाकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं. कुणी नव्हतं.

"देवावर आहेच हो," ते हळूच म्हणाले. "पण तुम्ही अर्ज मागे घेऊ नका."