विश्रांतीचा पुरावा

शहाजी एका कुरिअर कंपनीच्या सोलापूर शाखेचा मॅनेजर होता. सकाळी आठला शटर तोच उघडायचा आणि सगळे गेल्यावर तोच लावायचा. मधल्या वेळात हरवलेली पार्सलं, न सांगता दांडी मारणारी पोरं आणि चिडलेली गिऱ्हाइकं, सगळं त्याच्याच डोक्यावर. डबाही तो उभ्यानंच खायचा, कारण दुसऱ्या हातात फोन असायचा.

यंदा पुण्याच्या मुख्य कार्यालयाला अचानक मॅनेजरांच्या सुखाची काळजी वाटू लागली. बेचाळीस प्रश्नांचा फॉर्म आला. शहाजी नोकरीत मुरलेला माणूस. त्यानं बेचाळीस ठिकाणी ‘अतिशय समाधानी’वर खूण केली. पण घरच्या माणसाचं मतही हवं होतं. बायको वैष्णवी शाळेत तासावर होती, तिनं फोन उचलला नाही. मग कार्यालयातल्या सुकन्या मॅडमनी दुसरा नंबर फिरवला. तो होता माढ्याकडं गावी राहणाऱ्या त्याच्या आईचा, बजाबाईचा. मुलगा सुट्टीच्या दिवशी आराम करतो का, असं मॅडमनी विचारलं.

“कसली सुट्टी, बाई,” बजाबाई म्हणाली. “हितं आला तरी कानाला फोन लावून बांदावर येरझाऱ्या घालतुय. माजी शेरडंसुदिक दुपारची सावलीला बसत्यात की. ह्येला कवा बसू देणार तुमी?”

आईनं संध्याकाळी हे कौतुकानं सांगितलं तेव्हा शहाजीला घाम फुटला. आता बदली ठरलेली, असं धरून तो दोन दिवस वावरला. तिसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला, तर त्या भलत्याच खूश. आईंचं बोलणं म्हणे थेट वरपर्यंत पोहोचलं होतं. मॅनेजरांना रोज दुपारी अर्धा तास सक्तीची विश्रांती मंजूर झाली होती, आणि सुरुवात सोलापूरपासून होती. फक्त पुरावा म्हणून दर दहा मिनिटांनी स्वतःचा फोटो ॲपवर टाकायचा.

पहिल्या दिवशी शहाजीनं खुर्चीत मान टेकून, डोळे मिटून फोटो काढला. ॲपनं तो नाकारला. डोळे मिटलेले असल्यानं चेहरा ओळखता येत नव्हता. दुसऱ्या दिवसापासून तो डोळे टक्क उघडे ठेवून विश्रांती घेऊ लागला. गडी मोजून दहा मिनिटांनी फोन उचलायचा, हसायचा, पुन्हा घड्याळ बघत बसायचा. तेवढ्या वेळात तुंबलेलं काम मग संध्याकाळी अर्धा तास जास्त थांबून उरकायचा. संगणकावर बसणारी दानम्मा म्हणालीसुद्धा, “साहेब, विश्रांती सुरू झाल्यापासून तुम्ही लई थकलेले दिसताय.”

एका गुरुवारी मात्र पार्सलांची गाडी बार्शीजवळ बंद पडली. शाखेत काम नव्हतं, पंखा चालू होता. शहाजीचा डोळा लागला तो तब्बल पाऊण तास. दानम्मानं आवाज न करता दार ओढून घेतलं. कित्येक महिन्यांनी त्याला अशी झोप लागली होती. उठला तेव्हा अंग हलकं झालं होतं, आणि फोनवर नोटीस येऊन पडली होती: आज आपण विश्रांती घेतली नाही, लेखी खुलासा करावा.

शहाजीनं थोडा विचार केला आणि खरं तेच लिहिलं.

“मी झोपलो होतो. त्यामुळे विश्रांती घेता आली नाही.”

तासाभरात उत्तर आलं. खुलासा समाधानकारक मानून मंजूर केला होता. पुढच्या वेळी काळजी घ्यावी, असं खाली लिहिलं होतं.