बाया काय म्हणतायत

खिशाच्या कोपऱ्यातून लोंबणारा पिवळा धागा संध्याने कटरने उडवला तर तो तिच्याच गुडघ्याला चिकटला, झटकला तरी सुटेना, आणि तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की खोलीत नुसता कटरांचा आवाज येतोय. कट. कट. चार बाया बसल्यात, त्यात तिची आईपण, मांडीवर धागे कापायच्या जीन्स, आणि एकीचंही तोंड चालू नाही. कौसाबाईच्या खोलीत! जिथे एरवी जीन्सचं काम देणाऱ्या कॅम्प पाचच्या शेठपासून वरच्या मजल्यावरच्या सुनेपर्यंत सगळ्यांची सालं निघतात... आत्ता दारात चप्पल काढताना तिने स्वतः ऐकलं होतं, हसत होत्या, कोणीतरी टाळीपण दिली, आणि ती आत आली तसा जणू कोणी टीव्हीच बंद केला.

"बस की गं," कौसाबाई म्हणाली. "आज भाऊंच्या ऑफिसला सुट्टी वाटतं?"

"नाय. असंच आले."

"असंच," कौसाबाई म्हणाली. तिने आईकडे बघितलं नाही, आईनेही तिच्याकडे बघितलं नाही. दोघी इतक्या ठरवून एकमेकींकडे बघत नव्हत्या की संध्याचं डोकंच फिरलं.

असंच नव्हतं ना. भाऊ म्हणजे महिपती, केबलवाला. दहावी अर्धी सोडली तेव्हापासून ती त्याच्या ऑफिसात फोन उचलते — नेट का बंद आहे, कधी येणार, माणूस पाठवतो — आणि सध्या ते ऑफिस केबलचं कमी आणि राजसदादाच्या प्रचाराचं जास्त. मतदान तीन दिवसांवर. वॉर्डात चार सीट, प्रत्येकाने चार बटणं दाबायची. तिघांचं टेन्शन नाही, चौथ्या सीटवर राजसदादा आणि समोर अपक्ष सुंदराबाई, जिच्याकडे ना बॅनर ना गाडी, आणि तरी सकाळी महिपती दोन्ही हात डोक्यावर ठेवून बसला होता.

"पुरुषांचं मला तोंडावर कळतं," तो म्हणत होता. "ज्याला द्यायचं नाय तो चहा पिऊन वर भांडतो. मिटला विषय. बाया भांडतच नायत यार. हसतात, मान हलवतात, हो भाऊ, हो भाऊ. त्या हो-चं मी काय करू? लोणचं घालू?" मग त्याची नजर तिच्यावर पडली. "ए संध्या, तू तर त्यांच्यातलीच. जा, जरा बस त्यांच्यात. बाया काय म्हणतायत बघ."

त्यांच्यातली. हे ऐकून तिला राग यायला हवा होता, आला नाही, उलट बरं वाटलं — मला, ऑफिसात दिवसभर चहाचे ग्लास विसळणाऱ्या मला, असं काहीतरी येतं जे ह्या बापयांना येत नाही. आता इथे बसून कळतंय. घंटा त्यांच्यातली.

"सुंदराबाईचं काय चाललंय मग?" तिने विचारलंच. सरळ. तिला वाकडं विचारता येत नाही, हाच तिचा प्रॉब्लेम.

"तिचं काय चालायचंय," एक जण म्हणाली. "गुडघे दुखतात म्हणे."

कोणीतरी फिस्कन हसलं. कट. कट. कट.

बाहेर पडली तर रिक्षावरचा भोंगा गल्लीत राजसदादाचं नाव ओरडत होता आणि मागे बाईकवर आकाश, तिचा मोठा भाऊ, टूर्नामेंटला वाटलेली राजसदादाच्या फोटोची जर्सी घालून, जणू लग्न ह्याचंच आहे. पुरुषांना सुंदराबाई कळतच नाही. पप्पा तर नाव काढलं की हसतात — "तिने केलं काय? संडासाला कड्या लावल्या. कडीवर कोण इलेक्शन जिंकतं?"

कड्या. हो, कड्याच. वस्तीच्या संडासात पुरुषांच्या बाजूला दारांना कड्या नव्हत्या तर काय बिघडत होतं? पुरुष खोकतात, पाय आडवा लावतात, संपलं. बायकांच्या बाजूला जोडीनेच जायचं, एक आत, एक बाहेर दार धरून, आणि आई आत असताना मी बाहेर पाठ टेकून उभी असायचे, आणि पलीकडच्या भिंतीवर पोरं बसलेली, आणि मला — तेव्हा मी सातवीत — मला वाटायचं, मी जरा हलले तर सगळं संपलं. दार ओढून धरून बोटं दुखायची. आई आतून विचारायची, आहेस ना? आहे. आहेस ना? अगं आहे! कितीतरी वर्षं नगरसेवक येऊन फोटो काढून गेले. मग एक दिवस सुंदराबाईने स्वतः सुतार आणला, दुपारभर उन्हात उभी राहिली, आणि शेवटच्या दाराला कडी लागली तेव्हा कौसाबाईने आत जाऊन ती उगाच लावली, काढली, लावली, आणि बाहेर येऊन रडायला लागली. मी होते तिथे. मी पण होते! मग मला बघून तोंडं का शिवता?

संध्याकाळी आई ओट्याशी भाकऱ्या थापत होती. पप्पा अजून प्रचारातच. चौदा एप्रिलला स्टेजवर पप्पा काय खणखणीत बोलतात, एक माणूस एक मत, मत ही आपली ताकद, टाळ्या पडतात, आणि परवा महिपतीच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, आमच्या घरातली तीन मतं पक्की समजा. तीन. त्यांचं, आकाशचं आणि आईचं, माझं तर अजून यादीत नावच नाही. आईला विचारलं? छे. मीठ आणलंय का एवढंच विचारतात.

"आई, चौथं बटण कुणाचं दाबणार?"

"कुणाचं म्हणजे? राजसदादाचंच की." भाकरी तव्यावर पडली. आईने वर पाण्याचा हात फिरवला. "तुझे पप्पा सांगतात तसंच."

आणि संध्या थांबली. कारण हा आवाज तिला माहीत होता. गोड, गुळगुळीत, कुठे धरायला जागा नाही असा — आई पप्पांशी ह्याच आवाजात बोलते, पगार आकाशने उडवला हे लपवताना, मामाला फोन केला नाही म्हणताना. महिपतीशी बोलते. शेठच्या माणसाशी बोलते. संध्याशी कधीच नाही. संध्याशी ती वसावसा बोलते, घोडे, बिनडोके, शाळा सोडून काय उजेड पाडलास... इतकी वर्षं त्या शिव्या खाऊन ती वैतागायची, आणि आज तिला वाटलं, एक शिवी दे गं. एक दे.

"मला पण?" ती म्हणाली.

"काय तुला पण?"

"मला पण तसंच सांगणार? त्यांच्यासारखं?"

"अगं, जे आहे ते सांगितलं बाई." परत तोच आवाज. बाई म्हणाली वर.

"मी दार धरायचे तुझं!" संध्या ओरडली, आणि ओरडल्यावर तिला कळलं की हे वाक्य बाहेर कोणी ऐकलं तर वेडी म्हणेल. आईचा हात पिठावर क्षणभर थांबला. मग परत थापायला लागला, जरा जोरात.

तेवढ्यात फोन. महिपती. मागे ढोल, ओरडा.

"बोल गं. बसलीस का? बाया काय म्हणतायत?"

आईची पाठ तिच्याकडे होती, आणि ती पाठ ऐकत होती.

सांगण्यासारखं काय होतं? मी आले की गप्प बसतात. सुंदराबाईचं नाव काढलं की हसतात. बस, एवढंसुद्धा महिपतीला पुरलं असतं, तो हुशार आहे त्या बाबतीत, तासाभरात कौसाबाईच्या दारात बाईक लागल्या असत्या... "काय म्हणणार भाऊ," संध्या म्हणाली, "दादांचंच चाललंय सगळीकडे. तुम्ही उगाच टेन्शन घेता. जेवलात का?"

जेवलात का! हे कुठून आलं? तिने आयुष्यात महिपतीला जेवलात का विचारलं नव्हतं. पण तिकडे तो विरघळला. "बघ, मी म्हटलं नव्हतं? गुणाची पोर," म्हणाला आणि फोन ठेवला. इतका सोपा? एवढ्याशा वाक्यावर गडी खूश! तिला हसूही आलं आणि चीडही, आणि कोणीतरी शाबासकी द्यावी म्हणून ती वळली.

आई तिच्याकडेच बघत होती. पिठाचे हात तसेच वर. शाबासकी नव्हती त्या बघण्यात. अनोळखी रिक्षावाल्याने सरळ भाडं सांगितलं की आई बघते तसं काहीतरी होतं, हा एवढा बरा का बोलतोय? मघाशी तो गोड आवाज फक्त आईकडे होता. आता दोघींकडे आहे. आता मी काहीही सांगितलं, की मी तुमच्यातलीच, की मी कोणाला सांगणार नाही, तर आईने ते कोणत्या आवाजात ऐकायचं?

"बस जेवायला," आई म्हणाली.

गोड नव्हतं. वसावसाही नव्हतं. संध्याने ताट ओढलं आणि पुढचं काही आई बोलेल म्हणून कान तसेच लावून ठेवले.