सव्वादहाचा पडदा

प्रियंका लग्न होऊन आमच्या गल्लीत आली ती चैत्रात, आणि वैशाख लागेपर्यंत तिचं रडणं गल्लीत अकरा वेळा नोंदलं गेलं होतं.

नोंदणारी मुख्यतः सोनाबाई. तिची भिंत प्रियंकाच्या सासूच्या, म्हणजे मायाक्काच्या भिंतीला लागून. प्रियंका साडेपाचला कामावरून येई, जिना चढून आपल्या नव्या खोलीत जाई आणि अर्ध्या तासाने खाली नळाशी येई ती लालभडक डोळे ओढणीने पुसत. सोनाबाईला एवढं पुरलं. मी समोरच्या घरात राहतो. सरकारी कचेरीत चौतीस वर्षं आवक-जावकचं टेबल सांभाळल्यामुळे कोण आलं, कोण गेलं, किती वाजता, हे आपोआप डोक्यात टिपलं जातं. पण मी टिपतो आणि गप्प बसतो. सोनाबाई टिपते आणि फोन करते.

तिचं माहेर सांगोल्याकडचं, प्रियंकाच्याच गावचं. तिने थेट प्रियंकाच्या बापाला, बिरुदेवाला फोन लावला. "दादा, पोरगी रोज रडतीया बगा. आता मला मेलीला काय करायचंय म्हना, पर सांगितलं."

बिरुदेव हा मायाक्काचा सख्खा धाकटा भाऊ. पोरगी आत्याच्या घरात दिलेली, म्हणून तो निर्धास्त मेंढरं राखत होता. त्याने बहिणीला फोन केला, "आक्का, अमावस्या झाली की येतो. पोरीला चार दिस घिऊन जातो."

चार दिवस म्हणजे किती, हे दोघांनाही कळत होतं. त्या संध्याकाळी मायाक्काने भाकरी थापल्या त्या अख्ख्या गल्लीला ऐकू आल्या. अमावस्येला सतरा दिवस होते.

आता खरी गोष्ट अशी, की प्रियंका रडतच नव्हती. ती टॉवेलच्या कारखान्यात रंगखात्याच्या लॅबमध्ये केमिस्ट. तिने पहिल्याच आठवड्यात निदान केलं होतं.

"आत्या, नव्या कपाटाच्या प्लायवूडला जो गोंद असतो ना, त्यातनं वायू सुटतो. खोली तापली की जास्तच सुटतो. त्यानं डोळं चुरचुरत्यात."

"म्हंजी म्या हौसेनं केलेलं कपाट तुला रडवतंय व्हय?"

"तुमी न्हाय, कपाट."

"कपाट म्याच केलंय की!"

प्रियंकाचा नवरा सिद्धनाथ या संभाषणात कुठे होता? जिन्यात. वर जावं तर बायको, खाली यावं तर आई, म्हणून मधल्या पायरीवर मोबाइल बघत.

खिडकी उघडावी, तर दिवसा त्रेचाळीस डिग्रीची झळ आणि शेजारच्या यंत्रमागाचा कापूस घरात. रात्री ते उघडत होतेच. पण दिवसभर बंद खोलीत जे साठायचं ते साठायचंच. मग प्रियंकाने कारखान्यातला एक उपाय घरी आणला. तिथे दवाखान्याच्या पडद्यांसाठी एक लेप करून बघत होते, टायटॅनियम डायऑक्साइडचा. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते तीच पूड, फक्त फार बारीक. तिच्यावर ऊन पडलं की ती जागी होते आणि जवळ आलेला वायू मोडून टाकते. स्वतः मात्र खर्च होत नाही. इतकं काम करून खर्ची न पडणारं आणि शिवाय बोलून न दाखवणारं आमच्या गल्लीत कोणीच नसल्यामुळे, मला त्या पुडीविषयी एकदम आदर वाटला.

मायाक्काने लग्नात सुनेला मोराची सोलापुरी चादर दिली होती. प्रियंकाने त्या चादरीलाच तो लेप दिला आणि काचेतून ऊन पडेल अशी खिडकीसमोरच्या भिंतीवर ती टांगली. लॅबमधलं वायू मोजायचं छोटं यंत्रही आणून ठेवलं.

आठ दिवस गेले. यंत्राचा आकडा जागचा हलला नाही. शनिवारी संध्याकाळी ती लाल डोळ्यांनी गॅलरीत उभी होती.

"आबा, एवढं ऊन पडतंय, तरी काईच होत न्हाय. लेपच चुकला वाटतं. तिकडं माजं आप्पा मला न्यायला येनार."

"ऊन पडतंय, पण गच्चीवर," मी म्हणालो. "तुझ्या खोलीचा पडदा रोज सव्वादहाला लागतो आणि पावणेपाचला उघडतो."

"कोन लावतंय?"

"नाव मी घेणार नाही. पण दहा ते पाच तुमच्या घरात माणूस एकच असतं."

मायाक्काने बावीस वर्षं चादरीच्या कारखान्यात घड्या घालण्याचं काम केलेलं. कोरी चादर उन्हात दिसली की रंग उडेल म्हणून ती आधी सावलीत ओढते. सून दहाला बाहेर पडली की ती गुडघे धरत जिना चढे, पडदा ओढे आणि सून यायच्या आत पुन्हा उघडून ठेवी, तिला वाईट वाटू नये म्हणून. दिवसातून दोनदा जिना, आणि तोही गुपचूप!

रविवारी प्रियंकाने विषय काढला. "आत्या, चादर महत्त्वाची का माजं डोळं?"

"दोनी. म्हणून तर पडदा लावते."

प्रियंका भांडली नाही. लॅबवालीच ती. म्हणाली, "आज जेवल्यावर माज्या खोलीत कपाट उघडून पंधरा मिंटं बसा. मग काय ते बोलू."

मायाक्का बसली. पंधरा मिनिटांनी खाली नळाशी आली ती पदर डोळ्यांना लावून. भिंतीवरून सोनाबाईने पाहिलं आणि कपाळावर हात मारला, "अगं बया! आता सासूबी रडाया लागली!"

सोमवारी सव्वादहाला पडदा हलला नाही. मंगळवारीही नाही. गुरुवारी यंत्राचा आकडा निम्म्यावर आला. प्रियंकाने गॅलरीतूनच मला बोटांनी खूण केली, आणि सिद्धनाथ जिन्यातून उठून चक्क वर गेला.

अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी बिरुदेव आला. बरोबर त्याचा चुलता कुंडलिक, खांद्यावर घोंगडं. पाणीसुद्धा न घेता बिरुदेवाने लेकीला अंगणात उजेडात उभं केलं आणि अंगठ्याने तिची खालची पापणी ओढून पाहिली. आजारी मेंढरू असंच बघतात.

"डोळा तर निरमळ हाय," तो पुटपुटला. "खोली दाव."

सगळी वरात वर गेली. पाहुण्यांसाठी मायाक्काने खिडकी सताड उघडली, त्यामुळे माझीही सोय झाली. बिरुदेवाने कपाट उघडून मुंडकं आत घातलं आणि हुंगत राहिला. तेवढ्यात मायाक्काची नजर भिंतीवर गेली.

"आगं! मोर बग की! लाल मोर गुलाबी झाला!"

"ती पूड रंगबी खाती, आत्या," प्रियंका हळूच म्हणाली. "मला ठावं होतं."

"आनि सांगितलं न्हाईस?"

"तुमी तरी पडद्याचं कुटं सांगितलंत?"

मायाक्काने मोरावरून हात फिरवला. "बावीस वर्सं म्हनत आले, उनात घालू नगा. कोन ऐकतंय?" म्हणाली, आणि तिला हसू फुटलंच. "निस्ता हळद उतरलेला नवरदेव दिसतोय गं!"

दोघी हसता हसता पलंगावर बसल्या. हसण्याने डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. बिरुदेवाने कपाटातून मुंडकं बाहेर काढलं, तर समोर सासू-सून दोघी रडताहेत.

"अरं तिच्या! म्या आल्यावर सुरू झाल्या व्हय?"

त्याने पुढे होऊन बहिणीचीही पापणी खाली ओढली. बराच वेळ बघितली. "आक्का, तुज्यात रगात लई कमी हाय. शेंगा-गूळ खात जा. पोरगी बरी हाय. तूच चल चार दिस."

"मी आले तर पडदा कोन उघडंल?"

जेवताना ठरलं, की मोराला घडी करून पेटीत ठेवायचं आणि लेपासाठी साधी पांढरी चादर आणायची. पांढऱ्याचा रंग काय जाणार, असं मायाक्काने सुनेला शिकवलं, आणि सुनेने मान डोलावली.

सोनाबाई दारात थांबलेली होतीच. बिरुदेवाने जाताना तिला राम राम घातला आणि म्हणाला, "ताई, आता फोन करायचा तर आदी पापनी बगून करा."

मंगळवार. आवक दोन माणसं, एक घोंगडं. जावक दोन माणसं. घोंगडं मायाक्काला राहिलं.