रझियाचा टेपरेकॉर्डर आणि सरांची सही

मित्रांनो, मला टेपरेकॉर्डर म्हणतात. मी जुना आहे हे सांगायला नको, तुमच्या चेहऱ्यांवरच ते दिसतंय. परवा कॉलेजातली दोन पोरं आली, माझं झाकण उघडून म्हणाली, "सो क्यूट!" क्यूट म्हणे! मी काय मांजराचं पिल्लू आहे? भल्याभल्यांची बोलणी मी ऐकली आहेत, आणि खरं सांगतो, त्यात ऐकण्यासारखं फार थोडं होतं.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. रझियाचे मामू करीम मस्कतला नोकरीला होते, त्यांनी मला पुण्यात आणलं. रझिया म्हणजे बिबवेवाडीच्या शमशुद्दीन टेलरची मुलगी, अर्थशास्त्रात एम.ए. झालेली. घरच्यांना वाटलं, ही आता गाणी ऐकेल. हिने मला खांद्याला अडकवलं आणि बायका काय काय काम करतात ते विचारत गावभर हिंडायला लागली. तिच्या पीएच.डी.चा विषयच तो होता.

पण बायकांना काही विचारायची सोय होती का? उत्तर द्यायला नवरे पुढे! हडपसरच्या मळ्यात बजरंग खाटेवर पाय पसरून बसला होता. रझियाने त्याच्या बायकोला, तुळजाबाईला विचारलं, "तुम्ही काय काम करता?" तर हाच म्हणाला, "ती काय करत न्हाय. घरीच असती." तुळजाबाई तेव्हा म्हशीची धार काढत होती. चरवीत पडणाऱ्या दुधाचा आवाज माझ्या टेपेत स्वच्छ आला आहे, आणि त्याच्यावर या महाशयांचा.

मार्केट यार्डात मथुराबाई मिरच्या निवडत होती. तिचा नवरा म्हणाला, "काम कसलं त्यात? तेवढाच तिचा वेळ जातो." मिरचीने बाईचे हात भाजत होते आणि याला तिचा वेळ जाताना दिसत होता! असली रत्नं मला पोटात भरून घ्यावी लागली. किळस यायची अगदी.

तरी त्यांचं एक वेळ सोडून देतो. सरांचं नाही सोडणार.

सर म्हणजे रझियाचे मार्गदर्शक. नाव कशाला सांगू? त्यांच्या नावाने आता व्याख्यानमाला चालते, चालू दे बापडी. त्यांची सही झाल्याशिवाय प्रबंध विद्यापीठात देता येत नव्हता, आणि सर सहीला अडून बसले होते. घरकामावरचं प्रकरण काढून टाक, म्हणायचे. त्याच प्रकरणासाठी पोरीने ऊन पाहिलं नव्हतं की तहान. ते काढलं असतं तर प्रबंधात उरलं काय असतं? आणि ठेवलं तर सही नाही. बिचारी पार रडकुंडीला आली होती.

विद्यार्थ्याने प्रकरण घेऊन रविवारी सरांच्या घरी जायचं आणि त्यांनी बोललेलं खाली मान घालून ऐकायचं, अशी तेव्हाची रीत होती. सर आज एक बोलायचे, उद्या दुसरंच. म्हणून रझिया त्यांचं बोलणं माझ्यात भरून घ्यायची. सरांची हरकत नसे. उलट, बोलून झालं की स्वतःचा आवाज परत ऐकायची त्यांना कोण हौस! ऐकताना मान काय डोलवायचे, वा!

त्या रविवारी चतुर्थी होती. उपास सरांचा, खटाटोप त्यांच्या बायकोचा, सरोजिनीकाकूंचा. काकू स्वयंपाकघरात खिचडीसाठी दाण्याचं कूट करत होत्या. बाहेर सर नेहमीचं सुनावून मोकळे झाले आणि म्हणाले, "लाव पाहू. ऐकू दे."

रझियाने मला सुरू केलं. सरांचा आवाज घुमला, "हे पहा रझिया, जे बाजारात विकलं जात नाही, त्याला अर्थशास्त्र काम म्हणत नाही. गृहिणी ही आर्थिकदृष्ट्या निष्क्रिय असते." मागे खलबत्त्याची ठक ठक चालूच. मग सरांचाच आवाज, जरा चढलेला, "अहो, बंद करा ते कुटणं! इथे काम चाललंय!"

सरांनी घाईघाईने बटण दाबून मला बंद केलं. मग सर म्हणाले, "आवाज फार खराब आलाय. टाकाऊ यंत्र आहे."

मी टाकाऊ! ऐकलंत ना?

"चांगला स्वच्छ आलाय," दारातून काकू म्हणाल्या. हातात बत्ता तसाच होता. "रझिया, परत लाव गं."

रझियाने परत लावलं. काकूंनी सगळं नीट ऐकून घेतलं. त्यांचे डोळे भरून आले होते, पण आवाज खणखणीत होता. "लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून कुटतेय मी. आणि मी निष्क्रिय?"

"अहो, ती शास्त्रातली संज्ञा आहे," सर पुटपुटले.

काकू आत गेल्या, खल आणला आणि सरांच्या टेबलावर, त्या प्रकरणाशेजारी ठेवला. बत्ता सरांच्या हातात दिला. "असू दे संज्ञा. आता दोनातलं एक करा. सही करा, नाहीतर दाणे कुटा. खिचडी आपल्यालाच हवी आहे ना?"

सरांनी बत्त्याकडे पाहिलं आणि खिशातलं पेन काढलं. त्यांना पटलं म्हणून सही झाली, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. माणसाला दाणे कुटता येत नव्हते, म्हणून झाली!

प्रकरण प्रबंधात राहिलं. त्याच कामावर रझिया पुढे प्राध्यापक झाली, विभागप्रमुख झाली, परदेशात बोलावली गेली. तिच्या पहिल्या पुस्तकाच्या समारंभात सर काय म्हणाले असतील? "हा विषय हिला मीच सुचवला." टाळ्याही पडल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या काकूंनी मात्र टाळी वाजवली नाही.

आता मी विभागाच्या कपाटात पडून असतो. मला पुसा, जपा, असं काही मी तुम्हाला विनवणार नाही. तुम्ही तरी कुठले मोठे लागून गेलात? शाळेत विचारलं, आई काय करते, की तोंड वर करून सांगता, "काही नाही, घरीच असते." लाज नाही वाटत? जेवण झालं असेल तर उठा आता. आपलं ताट आपण घासा.